धबधब्यामागची नळी: चिखलदऱ्याच्या पठारावरच्या हिवाळी कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

परतवाड्याहून घाट चढून वर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. काम तेच, मागच्या जानेवारीत अर्धवट सोडलेलं. चिखलदऱ्याच्या पठारावरचा हा फार्म-स्टे. उताराच्या वरच्या अंगाला आठ खोल्या, खालच्या अंगाला नाल्याजवळ स्विमिंग पूल. पूल १० मीटर लांब, ५ मीटर रुंद. त्याच्या एका टोकाला दगडी भिंत, भिंतीवरून पडद्यासारखा पडणारा धबधबा, काठावर तीन फवारे. पंपाची खोली तिथून बारा मीटर अंतरावर, आणखी थोडी खाली.

मागच्या जानेवारीत एका सकाळी पंप चालू केला तर धबधब्याऐवजी भिंतीमागे कारंजं उडालं. एल्बो, म्हणजे नळीचा वळणाचा जोड, फाटलेला, पितळी बॉल व्हॉल्व्हच्या पोटाला चीर, फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा पंप बंद असतानाही दीड किलोवर अडकलेला. मी म्हटलं, पाणी गोठलं होतं. मालक हसले. "अहो, हे काय काश्मीर आहे? हलका पाइप बसवलात तुम्ही." तेव्हा वाद घातला नाही. पाइप बदलला, पैसे घेतले, खाली उतरलो.

मनात मात्र राहिलं. पंधरा वर्षं संत्र्याच्या बागांत ठिबक बसवलं, मग पंप, मग हे पूल. हलका पाइप कसा फाटतो ते मला माहीत आहे. तो दाबाने फाटला तर जोडाशी फाटतो, नाहीतर सिमेंट नीट न लागल्याने निसटतो. हा एल्बो मधोमध फुगून उभा चिरला होता.

यंदा मालकांनीच फोन केला. ३१ डिसेंबरचं बुकिंग फुल आहे, धबधबा बंद पडून चालणार नाही. आता पाइप हलका होता की नव्हता हे कोणी काढत नाही.

१५ नोव्हेंबर

फाटलेला एल्बो गॅरेजमध्ये पडला होता, तो शोधून आणला. चौकीदार काकांना दाखवला. काका इथलेच, कोरकू. मागच्या वर्षी त्या रात्री तेच ड्युटीवर होते.

"त्या सकाळी जीपच्या टपावरून मी पांढरं खरवडलं होतं जी," ते म्हणाले. "मालकाले सांगितलं. ते म्हणे, दव आहे."

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. बहुतेकांना वाटतं, बर्फाने नळी आतून फाडली, म्हणजे बर्फ जिथे झाला तिथेच चीर. तसं नेहमी होत नाही. पितळ प्लास्टिकपेक्षा किती तरी वेगाने उष्णता सोडतं, म्हणून उघड्यावरचा पितळी व्हॉल्व्ह आधी गार पडतो आणि बर्फाचं पहिलं बूच तिथे बसतं. बूच वाढत जातं तसं पुढचं पाणी ढकललं जातं. पुढे वाट मोकळी असेल तर पाणी निघून जातं आणि काही बिघडत नाही. पण पुढचा दुसरा व्हॉल्व्ह कोणीतरी नीट, काळजीपूर्वक बंद केलेला असेल तर मधलं पाणी कोंडतं, आणि दाब असा चढतो की जिथे नळी कच्ची तिथे ती फाटते. आमचा एल्बो बरोबर दोन व्हॉल्व्हच्या मध्ये होता. काकांनी दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद केले होते. तसं करायला मीच सांगितलं होतं, हे इथे लिहून ठेवतो.

व्हॉल्व्हला चीर का, तेही कळलं. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की गोळ्याच्या भोकात घोटभर पाणी कैद होतं. थंडीत त्याचा दांडा अर्ध्यावर, तिरपा ठेवायचा. एवढीशी गोष्ट, पण ती दुकानदार सांगत नाही आणि फिटर विचारत नाही.

१९ नोव्हेंबर

थर्मामीटर लावले. तारेच्या टोकाला असतात ते डीएस१८बी२० सेन्सर, चार नग. कंपनी अर्ध्या अंशाची चूक धरायला सांगते, म्हणून आधी चारही बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिले. तीन शून्याच्या जवळ आले, एक ०.४ जास्त दाखवतो. त्याला लाल धागा बांधला.

एक खोल्यांच्या व्हरांड्याबाहेर, एक पुलाजवळ चार फूट उंचीवर, एक तिथेच गवतावर, एक भिंतीमागच्या नळीला चिकटवून.

आज पहाटे पाचचे आकडे: व्हरांडा ११.८, पुलाजवळची हवा ९.१, गवत ६.०, नळी ७.३.

थंडी अजून पडलेली नाही, पण मला हवं ते दिसलं. वरच्या खोल्यांपेक्षा खालचा पूल पावणेतीन अंशांनी गार. थंड हवा जड असते, ती रात्री पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि नाल्याकाठी साचते. मालक सकाळी व्हरांड्यातला थर्मामीटर पाहतात आणि तेवढीच थंडी खरी मानतात. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले. तो आकडासुद्धा पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, छपराखाली ठेवलेल्या थर्मामीटरचा. पेटीबाहेर, उघड्या आभाळाखाली गवताच्या पात्याला त्या रात्री काय वाटलं असेल, हे पेटी सांगत नाही. आपण तर नागपूरपेक्षा सात-आठशे मीटर वर बसलो आहोत.

निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे सोडत असते. ढग असले की ते थोडी परत देतात, गोधडीसारखे. ढग नाहीत, वारा नाही, म्हणजे वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. तुरीवर दवाळ कोणत्या रात्री पडेल, हे तो संध्याकाळचं आभाळ पाहून सांगतो.

२४ नोव्हेंबर

भाच्याचा फोन. तो टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो, घरामागे पूल आहे. तिकडे प्रत्येक पुलाला थंडी ओळखणारा थर्मोस्टॅट असतो म्हणे. हवा तीन-चार अंशांवर आली की तो पंप आपोआप चालू करतो, धबधबा, फवारे सगळ्यांत पाणी फिरत राहतं. वाहतं पाणी सहसा गोठत नाही, कारण पुलातलं कोमट पाणी सतत नळीत येत राहतं. साधी युक्ती आहे, आणि आपल्याकडे हजार-पंधराशेत तसा थर्मोस्टॅट मिळतो. मी ऑर्डर टाकायलाच बसलो होतो.

मग विचारलं, "फेब्रुवारी २०२१मध्ये काय झालं होतं रे?"

"मामा, ते नका विचारू," तो म्हणाला. तेव्हा डॅलसचा पारा उणे १९च्या आसपास उतरला होता. थर्मोस्टॅटने आपलं काम केलं, पंप रात्रभर फिरला. मग लाखो घरांची वीज गेली. पंप थांबला आणि प्रत्येक नळीत पाणी जागच्या जागी उभं राहिलं. ज्यांनी ड्रेन प्लग काढून पाणी सोडून दिलं, त्यांचं वाचलं. भाच्याला वाटलं, वीज तासाभरात येईल. त्याचा फिल्टर आणि हीटर दोन्ही गेले, आणि प्लंबर मिळायला पुढे कित्येक आठवडे लागले.

फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिलो. तिथे वीज जाणं म्हणजे बातमी. इथे पठारावर रात्री वारा सुटला, झाडाची फांदी तारेला लागली की लाईट गेली, आणि लाईनमन जंगलातून रात्री येणार नाही, त्याने येऊही नये. ज्या उपायाला वीज लागते, तो नेमका कडाक्याच्या रात्रीच दगा देणार. थर्मोस्टॅटची ऑर्डर रद्द.

नळीत पाणीच ठेवायचं नाही. रात्री नळी रिकामी. उतारावर बसलोच आहोत, तर उतारालाच कामाला लावू.

२८ नोव्हेंबर

मालकांशी बैठक. त्यांचे तीन प्रस्ताव होते.

पहिला, सगळा पूलच रिकामा करा. सरासरी १.३ मीटर खोली धरली तर ६५,००० लिटर. इथे पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि एप्रिलमध्ये टँकर लागतो, हे मालकांनाच जास्त माहीत. शिवाय पूल गोठणारच नाही. एवढ्या पाण्याचं तापमान एक अंशाने उतरायला ७५ युनिट उष्णता जावी लागते, विजेच्या बिलात असतं तेच युनिट. १५ अंशांवरून शून्यावर यायला हजारावर युनिट. उलट फवाऱ्यांच्या ३२ मिलिमीटर नळीचा एक मीटर घ्या. त्यात सहाशे ग्रॅम पाणी. ते १० अंशांवरून शून्यावर यायला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सात मिनिटांत जेवढी ऊर्जा खातो तेवढी गेली की झालं. पूल म्हणजे हत्ती, नळी म्हणजे चिमणी. हिव आधी चिमणीलाच लागतं.

दुसरा, पाण्यात मीठ टाका. समुद्र गोठत नाही म्हणे. समुद्रसुद्धा गोठतो, फक्त दोन अंश खाली. मिठाच्या पुलात लिटरला तीनेक ग्रॅम मीठ असतं, त्याने गोठणबिंदू जेमतेम ०.२ अंशाने उतरतो. त्या ०.२ साठी पितळी नोझलला गंज लावायचा का?

तिसरा, गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट नळीत भरा. हे परतवाड्याच्या कुणा मेकॅनिकने सांगितलं होतं. थंड देशांत पुलाच्या नळ्यांत अँटीफ्रीझ घालतात हे खरं, पण ते प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. गाडीत बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे, गोडसर असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. ज्या पाण्यात पोरं गुळण्या करतात, त्यात हे नको. यावर मालकीणबाईंनीच मालकांना गप्प केलं.

माझा प्रस्ताव: चार ठिकाणी ड्रेन, दोन ठिकाणी हवेची वाट, नव्या क्लॅम्प, रंग, पाटी. मजुरी धरून साडेनऊ हजार. मंजूर.

३ डिसेंबर

भिंतीमागे लाईनदोरी ताणली. जमिनीतून वर येणारी नळी तिथे भिंतीला समांतर अडीच मीटर आडवी जाते. क्लॅम्प फक्त तीन. दोन उन्हाळे पश्चिमेचं ऊन खाऊन नळी क्लॅम्पच्या मध्ये लचकली आहे, एका जागी साडेतीन सेंटीमीटर पोट सुटलंय. म्हणजे पंप बंद करून खालून पाणी सोडलं तरी त्या पोटात पाणी राहणारच. एल्बो तिथून वीतभर अंतरावर.

आणि दुसरी चूक, तीही माझीच. पंपानंतर एनआरव्ही बसवलाय, पाणी उलट येऊ नये म्हणून. तो आपलं काम चोख करतो, म्हणजे पंपाचा ड्रेन प्लग काढला तरी वरच्या नळीतला एक थेंब खाली येत नाही. मागच्या वर्षी काकांनी प्लग काढला, थोडं पाणी गेलं, त्यांना वाटलं सगळी लाईन रिकामी झाली.

४ डिसेंबर

परतवाड्याला सामान. ठिबकच्या दुकानातच सगळं मिळालं: ठिबकच्या उपनळीच्या टोकाला पाणी सोडायला लावतो ते फ्लश व्हॉल्व्ह चार, एअर व्हॉल्व्ह दोन, क्लॅम्प बारा. दुकानदार म्हणाला, "काहून भाऊ, चिखलदऱ्यात आता संत्रा लावता का?" स्विमिंग पूल म्हटल्यावर त्याने भाव वीस टक्क्यांनी वाढवला.

७ डिसेंबर

दोन दिवस खणणं आणि बसवणं. एनआरव्हीच्या लगेच वर एक फ्लश व्हॉल्व्ह. भिंतीच्या पायथ्याशी, नळी जमिनीतून वर येते तिथे दुसरा. फवाऱ्यांच्या मॅनिफोल्डखाली, म्हणजे तिन्ही फवाऱ्यांच्या फांद्या जिथून फुटतात तिथे, तिसरा. फिल्टरचा स्वतःचा ड्रेन होताच, त्याला नळ लावून चौथा. आडवी नळी नव्या क्लॅम्पवर घेतली, दर चाळीस सेंटीमीटरला एक, आणि अडीच मीटरमध्ये चार सेंटीमीटर ढाळ दिला.

एअर व्हॉल्व्ह भिंतीच्या माथ्यावर. खालून सोडलं तर पाणी जाईल कसं, वरून हवा आत आली तर ना. बाटली उलटी केली की गुटगुट करत थांबत सांडते, तसं व्हायला नको.

प्रेशर गेज आता रोज रात्री काढून काकांच्या खोलीत खुंटीला. त्याच्या आत वाकवलेली बारीक पितळी नळी असते. तिच्यात गोठलं की ती कायमची सरळावते आणि मग काटा आयुष्यभर खोटं बोलतो.

११ डिसेंबर

पाणी मोजून पाहिलं. नळ्यांच्या लांबीवरून हिशेब: धबधब्याची ५० मिलिमीटर लाईन १४ मीटर, तिच्यात २२ लिटर. फवाऱ्यांची ३२ मिलिमीटर लाईन १६ मीटर, तिच्यात १० लिटर. एकूण ३२ यायला हवेत. बादलीने मोजले तर आले २३.

नऊ लिटर गायब.

१३ डिसेंबर

काल दिवसभर नऊ लिटर शोधले. लेव्हलट्यूब, म्हणजे उंची-सखल पाहायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन काठाच्या फरशीवर गुडघ्यांवर फिरलो. तिसऱ्या फवाऱ्याची फांदी उथळ पायरीच्या खालून जाऊन पुन्हा वर येते, तिथे इंग्रजी यू सारखा खड्डा आहे. फोडायचं म्हटलं तर सहा कडप्पे जाणार. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणायचं मनात आलं, पण पीव्हीसीत कॉम्प्रेसरची हवा भरणं म्हणजे सुतळी बॉम्ब बांधणं. पाणी दबत नाही, म्हणून फुटलं तरी फिसकन संपतं. हवा दबते, फुटली की तुकडे गोळीसारखे सुटतात. शेवटी पानं उडवायचा ब्लोअर नोझलला गोणपाटाने आवळून लावला. आणखी तीन लिटर आले. बाकी सहा काही केल्या येईनात.

रात्री जेवताना काकांनी विचारलं, "ते पानी किती खोल हाय भाऊ?"

"दीड फूट."

"मंग तिथं कायले गोठते? बटाटा राहते तिथं आमचा, थंडीत, मातीखाली."

सकाळी दीड फुटाच्या खड्ड्यात सेन्सर टाकला. पहाटे गवत ३.१, हवा ६.४, आणि खाली माती १८.६. दोन दिवस मी ज्या सहा लिटरमागे धावलो त्यांना गोठायला पठारावर हिमयुग यावं लागेल. जमिनीच्या वर जे आहे तेवढंच रिकामं करायचं. हे मला कळायला हवं होतं.

१६ डिसेंबर

काकांचं वेळापत्रक. आधी पंप बंद. मग निळ्या दांड्याचे दोन व्हॉल्व्ह अर्ध्यावर तिरपे. मग लाल दांड्याचे चार पूर्ण उघडे. मग गेज काढायचा. सकाळी उलट क्रमाने. पाटी लिहिली, पण काकांना वाचण्यापेक्षा रंग बरा पडतो, म्हणून दांडेच रंगवले. चारही लाल व्हॉल्व्हखाली टबं ठेवली, पाणी वाया नको. पुलाचं पाणी झाडाला लगेच द्यायचं नाही, क्लोरीन असतं. दोन दिवस उन्हात उघडं ठेवून मग जास्वंदीला.

संध्याकाळी काकांना एक गोष्ट सांगितली. बर्फाचे कारखाने नव्हते, जहाजातून बर्फ येत नव्हता, तेव्हा आपल्याकडे अलाहाबादच्या बाजूला हिवाळ्यात बर्फ पिकवत. जमिनीत उथळ खड्डे, त्यात उसाची चिपाडं आणि ताटं यांचा थर, त्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी. स्वच्छ, शांत रात्री, हवेचा पारा शून्याच्या वर असतानासुद्धा सकाळी थाळीत बर्फ. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १७७५ साली हे सगळं लिहून लंडनला कळवलं. काकांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत.

१८ डिसेंबर

सकाळी सहाला काकांनी दार वाजवलं. हातात परळ. रात्री त्यांनी सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, मातीचं परळ ठेवून त्यात बोटभर पाणी ओतलं होतं, भिंतीमागे, नाल्याच्या बाजूला. त्यावर पापडाएवढा पातळ बर्फ. किमान आकडे पाहिले: पुलाजवळची हवा ३.२, गवत उणे ०.६. व्हरांडा मात्र ६.१.

काका तो परळ घेऊन थेट मालकांच्या खोलीवर गेले. मालकांनी बर्फाचा तुकडा बोटांत धरला, तो विरघळेपर्यंत पाहत राहिले, मग म्हणाले, "याचा फोटो काढा रे, इन्स्टाग्रामवर टाकू."

मागच्या वर्षीच्या पाइपाबद्दल अवाक्षर नाही.

२२ डिसेंबर

नळीला गुंडाळायचं का, हा प्रश्न. काकांनी माझ्या नकळत भिंतीमागच्या नळीला गोणपाट बांधलं होतं. रात्री दवाने ते चिंब झालं, आणि नळीचा आकडा उघड्या नळीपेक्षा अर्ध्या अंशाने खालीच गेला. ओलं फडकं बांधलेलं मडकं गार होतं, तेच. काढायला लावलं. काळ्या फोमची नळी, फ्रीज-एसीवाले वापरतात ती, चढवली. तीही ऊब देत नाही, फक्त गार व्हायला उशीर लावते. काका घाईत एखाद्या रात्री लाल दांडा विसरले तर तो दोन-तीन तासांचा उशीर कामी येईल.

एक भोंगाही लावला, बॅटरीवर. गवतावरचा सेन्सर ३ अंशांना आला की काकांच्या खोलीत वाजतो. पहिल्या रात्री सव्वासातलाच वाजला. सेन्सर टिनाच्या पत्र्याला टेकला होता.

२७ डिसेंबर

मालकांना पाहुण्यांसाठी धबधबा रात्रभर हवा, दिव्यांसकट. "वाहतं पाणी गोठत नाही ना? मग वाहू द्या." म्हटलं, एक रात्र चालवून मोजू.

काल रात्र चालवली. लाईट टिकली, कौतुक. त्याआधीच्या रात्री पुलाचं पाणी ०.९ अंशाने उतरलं होतं. काल १५.२ वरून १३.१, म्हणजे २.१. हवा दोन्ही रात्री जवळपास सारखी. धबधबा म्हणजे पाणी पातळ करून हवेत पसरणं, आणि इथली हिवाळी हवा कोरडी. पाणी वाफ होऊन जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. ज्यादाचा १.२ अंश म्हणजे ९० युनिट उष्णता एका रात्रीत आभाळाला दान. पट्टीवर पाण्याची पातळीही साडेतीन मिलिमीटर उतरली, ५० चौरस मीटरवर पावणेदोनशे लिटर. सकाळी पोहायला उतरलेला अमरावतीचा पाहुणा ज्या वेगाने उतरला त्याच वेगाने बाहेर आला.

भिंतीच्या डाव्या बाजूला तुषार उडतात, तिथल्या दगडावर पहाटे काचेसारखा पातळ थर होता. मी त्यावर पाय ठेवला आणि बसलो. कंबर अजून दुखते.

ठरलं ते असं: धबधबा रात्री अकरापर्यंत. मग पंप बंद, लाल दांडे उघडे. ३१ तारखेला साडेबारापर्यंत सूट. दिवे हवे तर रात्रभर भिंतीवर ठेवा, कोरड्या.

१ जानेवारी

साडेबारा म्हणाले, दीड वाजला. बाकी ठीक.

४ जानेवारी

कालची रात्र या हंगामातली सगळ्यात कडक. दिवसभर उत्तरेचा वारा होता, सूर्य मावळताना तो पडला, आभाळ धुतल्यासारखं. काका संध्याकाळीच म्हणाले, आज हिव पडते. दहालाच धबधबा बंद केला, पाहुण्यांना शेकोटी दिली.

लाईट १.१० ला गेली, ५.५० ला आली. भोंगा बॅटरीवर असल्याने वाजत राहिला, काकांनी शेवटी त्यावर उशी ठेवली.

किमान आकडे: व्हरांडा ३.४, पुलाजवळची हवा ०.६, गवत उणे २.७, नळी उणे १.५. नळीत पाणी नव्हतं. टबांत वरचा थर गोठलेला, एका टबात बोटाच्या पेराएवढा जाड. पुलाचं पाणी १२.८, वर वाफ.

थर्मोस्टॅट बसवला असता तर १.१० ते ५.५० पंप बंद, नळ्या भरलेल्या, आणि आज मी हे हात चोळत लिहीत असतो.

सातला सगळं उलट क्रमाने लावलं. पंपात पाणी भरलं, चालू केला. गेज १.१. धबधबा भिंतीवरून पडला, तिन्ही फवारे उडाले. भिंतीमागे जाऊन प्रत्येक जोडाला हात लावून पाहिला, कोरडे.

मग नऊ वाजता मालकीणबाईंचा आवाज. पुलात उतरण्याआधी अंग धुवायचा जो उघड्यावरचा शॉवर आहे, त्याच्या नळाचं पितळ उभं फाटलं होतं, ऊन लागून बर्फ सुटला तसं पाणी तिथून उडत होतं. तो शॉवर पुलाच्या लाईनवर नाहीच. खोल्यांच्या टाकीवरून येतो, दुसऱ्या प्लंबरने बसवलेला. माझ्या नकाशात, माझ्या पाटीवर, काकांच्या रंगांत तो कुठेच नव्हता. दोन महिने मी रोज त्याच्या शेजारून गेलो, एकदा त्याखाली पायही धुतले.

५ जानेवारी

शॉवरच्या अर्ध्या इंची लाईनला खाली टी टाकून पाचवा लाल दांडा. दोनशे ऐंशी रुपये, मजुरी घेतली नाही. मग हातात पाना घेऊन सगळ्या आवारात फिरलो, उघड्यावर असलेली प्रत्येक नळी पाहत. बागेचे तीन नळ, गाड्या धुवायचा एक, सोलर हीटरच्या नळ्या छपरावर. सोलरचं काम माझं नाही, पण वरून आभाळ थेट दिसतं, तिथे थंडी पुलापेक्षा जास्त. मालकांना लेखी दिलं, त्यांच्या सोलरवाल्याला दाखवा म्हणून.

१४ जानेवारी

संक्रांत. काकांच्या घरून तिळाचे लाडू. किमान ७.९, भोंगा तीन दिवस मुका. काकांनी तरीही रोज रात्री पाच लाल दांडे उघडले आहेत, वहीत तारखेपुढे पाच फुल्या. टबांतलं पाणी जास्वंदीला जातं, थोडं त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यामागच्या वांग्यांना. क्लोरीन उडतं का, विचारत होते. दोन दिवस उन्हात ठेवा म्हटलं. "चार ठेवतो जी," ते म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत रोज, मग बंद. गेज खुंटीवरून परत फिल्टरवर. कंबरेसाठी परतवाड्याला डॉक्टरकडे जायचं आहे.